धुऱ्यावरचं टेरियर

टेरियर जातीचं पिल्लू घरी आणण्याआधी काय काय बघावं, असं मला हल्ली दोघातिघांनी विचारलं. मी एकदा ते पाळलं होतं, म्हणजे मला त्यातलं कळत असणार, असा त्यांचा समज. मी सांगतो, पिल्लाचे कान, दात, पाय सगळं नंतर बघा; आधी ते कशाला हवंय ते स्वतःला विचारा. दुसऱ्याकडे आहे म्हणून हवं असेल, तर बाजारातून एक कोंबडी आणा आणि गप्प बसा. माणसं हसतात, त्यांना वाटतं मी गंमत करतोय. मी ज्याच्यावर जळून पिल्लू आणलं तो माझा चुलत भाऊ होता, आणि आजही त्याचं नाव निघालं की मला आधी कपाळावरची आठी आवरावी लागते.

आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावपासून दोन कोसांवर. सगळी धानाची जमीन. घरात बाबा, आई, मी आणि हा भाऊ. मी त्याला दादा म्हणत असे. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचे आईबाप साथीत गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. तेव्हापासून तो आमच्याच घरी. ओसरीला लागून असलेली एक खोली त्याची. त्याच्या बापाच्या वाट्याची शेती आमच्या शेतीच्या खालच्या अंगाला होती, ती बाबाच त्याच्या नावाने सांभाळत. लोक म्हणत, सख्खे भाऊसुद्धा असे राहत नाहीत. खरंच आमचं भांडण कधी झालं नाही, कारण तो भांडायला जागाच देत नसे. मला त्याचाच जास्त राग यायचा.

बाबा कुणाचं तोंडभरून कौतुक करणारे नव्हते. पण दादाने काही विचारलं की ते 'हो' म्हणत, आणि मी विचारलं की 'पाहू'. घरात बाकी कुणाच्या हे ध्यानातही आलं नसेल. माझ्या मात्र प्रत्येक 'हो' पोटात रुतून बसलेला असे. बाजारातून बैल पाहून यायचे तर दादा. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायला आठ दिवस थांबू का, असं दादाने विचारलं तर 'हो'. मी तेच आदल्या दिवशी विचारलेलं असायचं.

त्या वर्षी तर या सगळ्याला धारच आली. गावाच्या वर आमची बोडी होती, म्हणजे लहान तलाव. चोरखमाऱ्याकडच्या लोकांना मोठ्या तलावाचं पाणी; आमची पंचवीस-तीस घरं त्या एका बोडीच्या भरवशावर. पाऊस ओढ देऊ लागला की कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या तुकड्याला, कधी आणि किती पाणी सोडायचं, हे एकाच माणसाने ठरवायचं अशी रीत. त्याला पाणकर म्हणत. त्याच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे. बाबा वीस वर्षं पाणकर होते. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि शेताच्या धुऱ्यावरून चालताना त्यांना काठी लागायची. उन्हाळ्यात त्यांनी गावाला सांगून टाकलं की पोळ्याच्या दिवशी हे काम आपण दोन पोरांपैकी एकाच्या हाती देऊ. दोघांपैकी कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्या दिवसापासून नीट झोपलो नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात दादाकडे कुत्रं आलं. धानाची गाडी घेऊन गोंदियाला तोच जायचा. तिथे रेल्वेच्या बंगल्यांत एक गार्डसाहेब राहत. रंगाने आपल्यासारखेच, टोपी आणि चाल मात्र साहेबाची. त्यांच्या टेरियर कुत्रीला पिल्लं झाली होती. दादाने साहेबांच्या घरी चांगला जुना लुचई तांदूळ पोचवला होता, त्यावर खूश होऊन त्यांनी एक पिल्लू त्याच्या हातात ठेवलं. पांढरं, एका कानावर तपकिरी डाग, शेपटी बोटभर. गावात आलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. याची शेपटी कोणी खाल्ली, असं आईने विचारलं. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. दोनतीन आठवडे फार सुखात गेले.

मग ते उंदीर मारायला लागलं. आमच्याकडे धान बांबूच्या ढोल्यांत ठेवतात, वरून शेणामातीने लिंपतात, तरी उंदीर खालून पोखरतातच. त्या वितभर पिल्लाने एका सकाळी ढोल्यांच्या मागून चार उंदीर ओढून काढले आणि ओसरीवर बाबांच्या पायाशी ओळीने टाकले. बाबांना ते दिसले नाहीत. त्यांनी काठीने चाचपून पाहिले, मग वाकून त्या पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला. "कामाचं हाय," ते म्हणाले. वीस वर्षांत मला तो शब्द मिळाला नव्हता, आणि त्या बुटक्या जनावराला महिन्याभरात मिळाला. माझा नुसता तिळपापड झाला. पुढच्या खेपेला मी दादाच्या गाडीत चढून बसलो आणि म्हणालो, मलाही एक पाहिजे.

पिल्लांपैकी दोन उरली होती. गार्डसाहेब खुर्चीवर बसून मला विचारत राहिले, जणू मी त्यांची मुलगीच मागायला आलो होतो. घरात दिवसभर कोण असतं? त्याला बांधून ठेवणार का? तुमच्याकडे त्याला काम काय? एका घरात याच रक्ताचं दुसरं कुत्रं आहे, मग हे कुणाचं ऐकेल? मी सगळ्याला हो-हो करत होतो. माझं लक्ष त्या दोन पिल्लांकडे होतं. एक शांतपणे पोत्यावर पडलेलं, आणि दुसरं कुंडीतली माती उकरून कुंडीच आडवी करून बसलेलं. साहेब शांत पिल्लाकडे बोट दाखवत होते. दादाही हळूच म्हणाला की तेच घे, त्याचं पिल्लूही असंच होतं आणि लवकर वळणावर आलं. आपल्या कुत्र्यापेक्षा तिखट कुत्रं माझ्याकडे येऊ नये म्हणून तो हे सांगतोय, असं मला लगेच कळलं. मला अशा गोष्टी फार लवकर कळत. मी कुंडीवालं उचललं.

"ये खोदनेवाला है," साहेब म्हणाले. "इसको काम देना. नहीं दोगे, तो अपना काम ये खुद ढूँढेगा."

घरी येईपर्यंत मी त्यांचं बोलणं विसरलो होतो. पिल्लालाही एका कानावर तपकिरी डाग होता. दोन महिन्यांत ते आपल्या भावाएवढं, म्हणजे दादाच्या कुत्र्याएवढं झालं आणि उन्हात दोघं पडली असली की लांबून कोण कोणतं ते कळत नसे. जवळून मात्र कळे. दादाचं कुत्रं हाक मारली की यायचं. माझं हाक मारली की बघायचं, आणि मग आपल्या कामाला जायचं. त्याचं काम म्हणजे उकरणं. आईची तुळस त्याने दोनदा उपटली. परसातली भिंत खालून पोखरली. मी त्याला ढोल्यांकडे सोडलं तर तिथले उंदीर भावाने आधीच संपवलेले. म्हणजे कुत्र्याच्या बाबतीतही दादाचं कुत्रं पुढे आणि माझं मागे. मला त्या मुक्या जनावराची दया यायला हवी होती. मला त्याचा राग आला, आणि वर वाटलं की याला एकदा सगळ्या गावासमोर दाखवलं पाहिजे.

श्रावणात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली. त्या वर्षी पावसाने मध्येच आठ दिवस दडी मारली, तेव्हा बाबांनी बोडीचं तोंड उघडून पाळीने पाणी द्यायला सुरुवात केली. आमच्या वरच्या बांधीची पाळी झाली होती. बांधी काठोकाठ भरली होती. खालच्या दादाच्या बांधीत आदल्याच दिवशी रोवणी झालेली, रोपांनी अजून मुळं धरली नव्हती. रोवणी लागली त्या दिवसापासून दादाने आपलं कुत्रं घरी ओसरीच्या खांबाला बांधून ठेवलं होतं. मलाही त्याने सांगितलं की रोवणी संपेपर्यंत बांधून ठेव, धुऱ्यात उंदरांची बिळं असतात आणि ही जात बीळ पाहिलं की थांबत नाही. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. धुरा म्हणजे बांधीचा मातीचा बांध, तो फुटला की पाणी गेलं; आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पण दादाने सांगितलं म्हणून मला ते ऐकायचं नव्हतं. माझं कुत्रं सगळ्यांदेखत उंदीर मारेल आणि पोळ्याच्या आधी ते बाबांच्या कानावर जाईल, हे याला नकोय, असा अर्थ मी काढला.

दुपारी बायका शेजारच्या बांधीत रोवत होत्या. मी कुत्रं घेऊन आमच्या धुऱ्यावर गेलो आणि एका बिळावर त्याला सोडलं. त्याने जे उकरलं, ते पाहण्यासारखंच होतं. माती मागच्या पायांमधून कारंज्यासारखी उडत होती. पहिला उंदीर निघाला तेव्हा बायका कमरा सरळ करून बघायला लागल्या. दुसरा निघाला, तिसरा निघाला. एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, दादाच्या कुत्र्याहून जबर हाय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी त्याला आणखी दोन बिळं दाखवली. परत जाताना भोकांत पायाने माती लोटली आणि वरून दोनदा दाबली. खाली उतरून, ओली माती घेऊन, नीट चोपून बुजवायला हवं होतं. पण बायका बघत होत्या, आणि मला त्यांच्यासमोर चिखलात गुडघे टेकायचे नव्हते.

सकाळी धुरा हातभर रुंद फुटलेला होता. आमची बांधी रिकामी, तळाचा चिखल उघडा पडलेला. सगळं पाणी एका लोटात खाली दादाच्या बांधीत गेलं होतं आणि त्याची कालपरवाची रोपं उपटून एका कोपऱ्यात तरंगत होती. बोडीत दुसऱ्या पाळीचं पाणी नव्हतं. बाबा काठी टेकत आले. त्यांनी खाली बसून फुटलेल्या कडेवरून हात फिरवला. पाण्याने न गेलेल्या भागात नखांचे ओरखडे होते, त्यांवर त्यांची बोटं थांबली.

"कोणाचं कुत्रं?" त्यांनी विचारलं.

बायका तिथेच होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. मालकाच्या घरातलं त्या कशाला बोलतील. दादा माझ्याकडे पाहत होता. त्याच्या पाहण्यात राग नव्हता, तो नुसता माझ्या बोलण्याची वाट बघत होता. पोळा बारा दिवसांवर आला होता. ज्याच्या कुत्र्याने धुरा फोडला त्याच्या हातात गावाचं पाणी कोण देणार, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता.

"दादाचं असन," मी म्हणालो.

'असन', म्हणजे असेल, म्हणालो; 'हाय' म्हणालो नाही. पुढे कित्येक वर्षं मी या एका शब्दाच्या आडोशाला बसलो. दादा खाली उतरून तरंगणारी रोपं गोळा करायला लागला. लहानपणापासून दुसऱ्याच्या घरी जेवणाऱ्या माणसाला गिळायची सवय असते, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, बरं झालं. बाबा काठी टेकत उठले. मग त्यांनी सांगितलं की कुत्रं या घरात राहणार नाही, आणि पाणी जितकं परत घेता येईल तितकं दोघांनी मिळून उपसून वर घ्या.

रॉकेलच्या डब्याला दोन्ही बाजूंनी दोर बांधून पाणी उपसतात. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाच लयीत झुकायचं, डबा बुडवायचा आणि झोका देऊन वर फेकायचा. एकाने दुसऱ्याकडे पाहिल्याशिवाय ते जमत नाही. मी दिवसभर डब्याकडे पाहून उपसत होतो आणि डबा सारखा वाकडा जात होता. दादा आपला दोर सैल-घट्ट करून माझी चूक सांभाळून घेत होता. संध्याकाळपर्यंत आमच्या बांधीत घोटाभर पाणी आलं. त्याच्या बांधीत पुन्हा रोवायला रोपं पुरली नाहीत. एक कोपरा त्या वर्षी तसाच पडीक राहिला. मी थकून बसलो तेव्हा मनात आलं, हा एवढा चांगला का वागतो? लोकांनी पाहावं म्हणूनच. म्हणजे त्या दिवशीसुद्धा मी जळायला जागा शोधून काढली.

कुत्रं परत द्यायला आम्ही दोघं गोंदियाला गेलो. मला जायचं नव्हतं, पण बाबांनी पाठवलं. गार्डसाहेबांनी कुत्र्याला मांडीवर घेतलं, त्याचे पंजे उलटे करून पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिलं. "ये तो तुम्हारे भाई का है, शांतवाला," ते म्हणाले. "खोदनेवाला तो तुमको दिया था." मी गाडीच्या चाकाकडे बघत उभा राहिलो. माझ्या वतीने दादानेच उत्तर दिलं की घरात दोन कुत्र्यांना जागा नाही. परतीच्या वाटेवर तो बैलांशी बोलत होता, माझ्याशी नाही.

पोळ्याला तोरण तुटल्यावर बाबांनी सगळ्या शेतकऱ्यांसमोर बोडीची कुदळ माझ्या हातात दिली. मी पाणकर झालो. लोकांनी मान डोलावली, दादानेही. मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं आणि मी घरी येऊन पुरणपोळी पोटभर खाल्ली.

माझं कुत्रं मात्र त्याचा भाऊ गोंदियाला गेल्यापासून माझ्या हातचं खाईना. ते दादाच्या खोलीच्या दाराशी जाऊन पडे. मी ओढून आणलं, बांधलं. त्याने दोर कुरतडला. दादाने त्याला बोलावलं नाही, हे मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. त्याने फक्त त्याला ढोल्यांमागे नेलं आणि रोज सकाळी अर्धा तास त्याच्याबरोबर बसला. जे साहेबांनी मला सांगितलं होतं ते काम दादाने दिलं. महिन्याभरात ते हाक मारली की जायला लागलं, त्याच्या हाकेला. उकरणं बंद झालं. मी धुऱ्यांवरून एकटा फिरायचो, आणि घरी आलो की ते दोघं ओसरीवर बसलेले असायचे. कुत्रं मला पाहून शेपटीचं बोट एकदा हलवायचं, ओळखीच्या माणसाला हलवावं तसं. मी पाणी सोडलं की गाव माझ्या तोंडाकडे बघायचं, आणि मला मात्र घरी जाऊन एका कुत्र्याचा हेवा वाटायचा. मला कुत्र्याचा हेवा वाटायचा की दादाचा, ते मला आजही धड सांगता येत नाही.

सहासात वर्षं गेली. दादाने स्वतःच्या शेतात खोपटं बांधलं आणि तिकडे राहायला गेला, कुत्रंही गेलं. बाबांचे डोळे पार गेले होते. एकदा मी त्यांना उन्हात बाजेवर बसवून पायांना तेल लावत होतो. गावात कुणीतरी पाण्यावरून कुरकुर केली होती, ते मी त्यांना रंगवून सांगत होतो, आणि ओघात म्हणालो की तुम्ही माझ्यावर विश्वास टाकून हे काम दिलं, ते मी नीट करतो, एवढं पुरे आहे.

बाबा हसले. ते म्हणाले की धुरा फुटायच्या आदल्या दिवशी दादाचं कुत्रं दुपारभर ओसरीच्या खांबाशी भुंकत होतं. डोळे गेले असले तरी कान होते. माझा हात थांबला. मग सगळं माहीत असूनही तुम्ही पाणी मला का दिलं, हे मी विचारलं.

"त्याले नाही भेटलं तं तो जगते," बाबा म्हणाले. "तुले नाही भेटलं तं तू कोणाले जगू देत नाही. म्हणून तुले देल्लं. लाव, तेल लाव."

मी तेल लावत राहिलो. शरम वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण थोडी उशिराने. आधी मनात जे आलं ते वेगळंच होतं. मला वाटलं, म्हणजे शेवटी कौतुक त्याचंच.